दोन मिनिटांची घंटा

माझ्या धाकट्या दिरांना वेळ विचारली तर ते कधी "साडेचार झाले असतील" असं म्हणत नाहीत. चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली असतील तर चार अठ्ठावीसच सांगतात, आणि विचारणाऱ्याने "म्हणजे साडेचारच की" म्हटलं तर त्यांचा चेहरा कडू गोळी चावल्यासारखा होतो. माझे यजमान होते तेव्हा म्हणायचे, "हा पहिला घास घेतो त्यावर मी माझं घड्याळ लावतो." मी त्यांना लग्नापासून भावजी म्हणते. बाकी सगळा रस्ता त्यांना घड्याळवाले काका म्हणतो. सतराव्या वर्षी ते एका घड्याळजींच्या हाताखाली लागले. आज चौऱ्याहत्तर पूर्ण आहेत आणि अजून डाव्या डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवतात.

त्यांचं दुकान बसथांब्यापासून पोस्टाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोपऱ्यापासून तिसरं. रुंदी एवढीच की आत एक गिऱ्हाईक असलं तर दुसऱ्याने पायरीवर उभं राहावं. मागच्या भिंतीतून अरुंद, उभा जिना वर जातो, आणि वरच्या एका खोलीत भावजी राहतात. जाऊबाईंना जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून एकटेच. गल्ल्यामागे काचा, पट्टे आणि चाव्यांचे खण, आणि त्यांच्या वर लाकडी फळीवर पितळी आकडे ठोकलेले. सहा ओळी, एकेका ओळीत सहा. दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळ त्या आकड्यावर लटकतं, गळ्यात चिठ्ठी बांधून. मोठी घड्याळं खाली उभी राहतात, पण चिठ्ठी आकड्यालाच. या चिठ्ठ्या मी लिहिते. माझं घर रस्त्यापलीकडेच, अक्षर बरं आहे आणि घरी दुपारपर्यंत मला काम नसतं, म्हणून यजमान गेल्यानंतरच्या वर्षी भावजींनीच सुचवलं. साडेदहा ते एक मी तिथे खिडकीशी बसते.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी पुतणी, दुसऱ्या शहरात असते. दवाखान्यांना सामान पुरवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. गेलं वर्षभर बापलेकीची एकच कुरबूर चालली होती. ती म्हणायची, दुकान बंद करा आणि माझ्याकडे या. हे म्हणायचे, हातात काम आहे तोवर नाही. ती म्हणायची, काम कुठे आहे, आता लोक फोनमध्ये वेळ बघतात. शेवटी एकदा चिडून भावजींनी स्वतःच पैज लावली. फळीवरची एक ओळ, म्हणजे सहा घड्याळं, ज्या दिवशी भरलेली नसेल त्या दिवशी मी कुलूप लावतो आणि किल्ली तुझ्या हातात देतो. मुलगी हिशेबी. तिने लगेच तारीख ठरवली, दर महिन्याची पहिली. येऊन मोजणार. भावजींनी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं, कारण त्या दिवशी फळीवर बावीस घड्याळं होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते आम्हाला नंतर कळलं.

पुढच्याच आठवड्यात पिवळी जाकिटं आली.

चौघं होते. छातीशी पॅड धरलेलं, त्यावर फॉर्म, गळ्यात ओळखपत्र. एका संस्थेसाठी देणगी गोळा करायची, जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना कानात बसवायची यंत्रं द्यायची. काम चांगलं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण रीत अशी की कोपऱ्यावर दोघं आणि आमच्या दारासमोर दोघं, मध्ये फूटपाथ, आणि त्यातून जाणारा माणूस म्हणजे जाळ्यात आलेला मासा. पुढारीण तिशीच्या आसपासची, उंच, घट्ट अंबाडा घातलेली. ती माणसाच्या वाटेत अशी यायची की धक्का न लागता थांबावंच लागे. मग हसून म्हणायची, "दोनच मिनिटं." बुटांचं कौतुक करायची, कुठून आलात विचारायची, मुलं किती, नातवंडं किती. फॉर्म बाहेर येईपर्यंत समोरच्याला आपण कुठे निघालो होतो तेही आठवत नसे. भावजींनी पहिल्या दिवशीच तिचं नाव मिनिटवाली ठेवलं.

मला तिने तीनदा पकडलं. मी शिकले त्या मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या की समोरचं माणूस बोलत असताना पाय हलवायचा नाही. तो पाय सत्तर वर्षांत हलायला शिकला नाही. पहिल्यांदा मी फॉर्म भरला. दुसऱ्यांदा, भरला आहे असं सांगितलं तर त्याबद्दल आभार मानण्यात आणि रक्कम वाढवण्याबद्दल विचारण्यात अकरा मिनिटं गेली. तिसऱ्यांदा तिने मला ओळखलंच नाही. बुटांचं कौतुक पुन्हा केलं, तेच बूट, तेच शब्द. भावजी म्हणाले, "वहिनी, भीड ही भिकेची बहीण. तुम्ही दुसऱ्या बाजूने येत चला." मी पोस्टापाशी रस्ता ओलांडून, वळसा घालून येऊ लागले.

मी वळसा घालत होते तेव्हा बाकीचेही घालत असतील हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. फळीवरची घड्याळं दुरुस्त होऊन जात होती आणि नवीन येत नव्हती. आधी वाटलं, असाच महिना असेल. बावीसची चौदा झाली. पहिल्या तारखेला पुतणी आली, चौदा मोजली आणि भुवई वर केली. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत नऊ झाली. मग निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ घरी येऊन नेता का, म्हणून विचारत होत्या. भावजींनी विचारलं, बाई, तुम्ही तर दर वर्षी स्वतः घेऊन येता. त्या म्हणाल्या, दोनदा आणलं हो, कोपऱ्यापर्यंत. ती पिवळी मुलं दिसली आणि परत फिरले. हातात जड घड्याळ घेऊन दहा मिनिटं उभं राहणं गुडघ्यांना झेपत नाही, आणि नाही म्हणणं मला जमत नाही.

भावजींनी फोन ठेवला आणि फळीकडे बघितलं. त्यांची गिऱ्हाइकं कोण तर सगळी साठीच्या पुढची, सभ्य, भिडस्त, हळू चालणारी. चावीची घड्याळं अजून तेच लोक वापरतात. आणि मिनिटवालीला नेमकी तीच माणसं सापडत होती. तरुण पोरं कानात वायर घालून सुळकन निघून जातात.

भावजी नगरपालिकेत जाऊन आले. परवानगी रीतसर होती, सकाळी दहा ते एक, संध्याकाळी चार ते सात, अजून दोन महिने. मग त्यांनी मिनिटवालीला जरा पुढे सरकायची विनंती केली. ती लगेच सरकली, बेकरीसमोर. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला भांडायला आला आणि तिसऱ्या दिवशी ती परत आमच्या दारात. माफी मागितली तिने, अगदी मनापासून. म्हणाली, आमच्याही डोक्यावर कोणी आहे काका, रोजचे फॉर्म भरले नाहीत तर उद्या या जागी दुसरी दिसेल. तिच्या बुटांच्या टाचा आतल्या बाजूने झिजलेल्या होत्या. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाच्या टाचा अशा झिजतात. ते बघून मी माझ्या चिठ्ठ्यांकडे वळले.

त्या आठवड्यात फळीवर सात राहिली आणि भावजी जेवणात लक्ष देईनासे झाले. एका दुपारी ते भिंग न लावताच गल्ल्यामागे बसले होते. बाहेर मिनिटवालीने कुणाला तरी थांबवलं, "दोनच मिनिटं" म्हणाली. भावजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बघतच राहिले. तो माणूस सुटला तेव्हा म्हणाले, "नऊ मिनिटं चाळीस सेकंद." मग दुसऱ्याचं मोजलं. मग तिसऱ्याचं. त्यांच्या चेहऱ्यावर तीच कडू गोळी आली. इतके दिवस त्यांना ही जागेची अडचण वाटत होती. आता ती त्यांच्या धंद्यातली गोष्ट झाली. मला म्हणाले, "वहिनी, पन्नास वर्षं या दारातून बरोबर वेळ बाहेर गेलीय. माझ्या पायरीवर उभं राहून कोणी नऊला दोन म्हणायचं, हे मला चालायचं नाही."

साध्या गजराच्या घड्याळाला दोन मिनिटांचा गजर लावता येत नाही. काटा इकडेतिकडे पाच मिनिटांनी तरी चुकतो. पण वरच्या कपाटात एका फोटोवाल्याचं जुनं घड्याळ पडून होतं, अंधाऱ्या खोलीत फोटो धुताना मिनिटं मोजायचं. फोटोवाला ते न्यायला कधी आलाच नाही. भावजींनी त्याचं यंत्र काढलं आणि एका मोडक्या गजराच्या दोन पितळी घंटांना जोडलं. दीड दिवस लागला. दाबायला एक खिट्टी ठेवली. खिट्टी दाबली की बरोबर एकशे वीस सेकंदांनी घंटा. वीस वेळा तपासलं, माझ्यासमोर. एकदा एकशे एकवीस आले तर परत खोललं.

सोमवारी सकाळी त्यांनी ते खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून ठेवलं आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसले. अकरा वाजता एक म्हातारे गृहस्थ आले, रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. आमच्या पायरीपासून चार पावलांवर मिनिटवालीने त्यांना गाठलं. बुटांचं कौतुक झालं, "दोनच मिनिटं, आजोबा" झालं. भावजींनी खिट्टी दाबली.

गृहस्थ मान डोलावत होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. ती नातवंडांपर्यंत पोचली होती तेवढ्यात घंटा वाजली. चांगली खणखणीत. समोरच्या खिडकीतून दोन माणसं डोकावली.

"दोन मिनिटं झाली, साहेब," भावजी बसल्या जागेवरून म्हणाले. "आता ऐकायचं असेल तर तिथे थांबा. घड्याळ दाखवायचं असेल तर आत या."

गृहस्थ आत आले. रुमालात खिशातलं जुनं घड्याळ होतं. आठ नंबरची चिठ्ठी मी लिहिली.

दुपारी एकपर्यंत घंटा अकरा वेळा वाजली. एक वाजता मिनिटवाली पॅड काखेत मारून तरातरा दुकानात आली. मला वाटलं, आता भांडण. आवाज तिचा चढलेलाच होता.

"काका, हे काय चालवलंय तुम्ही? माझं काम आहे हे."

"वेळ सांगणं माझं काम आहे," भावजी म्हणाले. "दोन मिनिटं तुम्ही म्हणालात. मी नाही."

"ती बोलायची पद्धत असते. खरंच दोन मिनिटांत कोणी सांगू शकतं का सगळं?"

"मग दहा म्हणा. मी दहावर लावून देतो. त्यात काय, एक दातेरी चाक बदलायचं."

"दहा म्हटल्यावर कोण थांबेल?"

"तेच म्हणतोय मी."

ती हसली नाही, पण तिचा आवाज जरा खाली आला. भावजींनी तिला स्टूल दिलं. तीन तासांत ती पहिल्यांदाच बसत होती, हे तिच्या बसण्यावरून कळत होतं. मग त्यांनी विचारलं की तुमचं म्हणणं तरी काय असतं, आम्हाला एकदा सगळं ऐकवा. तिने पाठ असल्यासारखं सुरू केलं. बूट, हवा, घर, नातवंडं, मग संस्था किती वर्षांची, किती शहरांत, कोणकोण सोबत. आणि पुढे कुठेतरी ती म्हणाली की मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत यंत्र बसलं तर ते इतरांसारखं बोलायला शिकतं, नंतर बसवलं तर फार अवघड जातं.

भावजींनी हात वर केला. "हे कितव्या मिनिटाला आलं?"

मी बघून सांगितलं, सातव्या.

"बाई, घाई त्या मुलाला आहे," ते म्हणाले, "आणि तुम्ही सहा मिनिटं बुटांवर घालवता?"

तिने फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. भावजींची घड्याळ खोलायची एक रीत आहे. सगळे भाग पांढऱ्या कापडावर मांडायचे आणि प्रत्येकाला विचारायचं, तू नसलास तर काय थांबेल. काहीच थांबत नसेल तर तो भाग आधीच्या कारागिराने उगाच घातलेला. तसंच त्यांनी तिच्या भाषणाचं केलं. बूट गेले. हवा गेली. नातवंडांसाठी ती जरा हटून बसली, म्हणाली लोकांना आवडतं. भावजी म्हणाले, आवडतं म्हणूनच घरी जायला उशीर होतो. उरलं ते एक मिनिट चाळीस सेकंदांचं. वरचे वीस सेकंद समोरच्याने हो किंवा नाही म्हणायला. मी मध्ये एवढंच म्हटलं की नाही म्हणणाऱ्यालाही सोडताना आभार मानावेत, म्हणजे माझ्यासारख्या बायकांचा पाय हलतो. तेही तिने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती लोकांना खिडकीतलं घड्याळ दाखवू लागली. "दोन मिनिटं. ती घंटा वाजली की तुम्ही मोकळे." भावजी खिट्टी दाबत. पहिले दोन दिवस लोक बिचकले. मग बातमी पसरली. घंटेनंतर सुटका नक्की आहे हे कळल्यावर थांबायची भीती गेली. बसथांब्यावरचे लोक बस यायला तीन मिनिटं असली की मुद्दाम येऊन ऐकून जात. एक निवृत्त स्टेशनमास्तर रोज स्वतःचं मनगटी घड्याळ लावून घंटेची परीक्षा घेत. चौथ्या दिवशी त्यांना कळलं की चूक त्यांच्याच घड्याळात आहे, आणि ते आकड्यावर लटकलं. मुख्याध्यापिका बाई लंबकाचं घड्याळ घेऊन स्वतः आल्या. दोन मिनिटं उभ्या राहून ऐकलं, फॉर्म भरला नाही, आणि आत येऊन म्हणाल्या की आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला नाही म्हटलं आणि घरी जाऊन मला वाईट वाटणार नाही. मिनिटवालीचे फॉर्मही वाढले. किती ते मी विचारलं नाही, पण शुक्रवारी ती टाचा दुरुस्त केलेले बूट घालून आली.

पहिल्या तारखेला पुतणी आली. दारासमोर तिलाही थांबवलं गेलं. मी खिडकीतून बघत होते. तिने हात हलवून नको म्हटलं, मिनिटवालीने घंटेकडे बोट केलं, आणि काय झालं कोण जाणे, पुतणी थांबली. हाताची घडी घालून, तोंड आक्रसून, पण थांबली. घंटा वाजली तशी मोकळी होऊन सरळ दुकानात आली आणि नमस्कार-चमत्कार न करता फळीकडे बघून मोजू लागली. तीन ओळी भरलेल्या होत्या. चौथीत एक.

"एकोणीस," ती म्हणाली. आणि बापाकडे वळली. "पण बाबा, आकडा सोडा. मला तुमच्याशी बोलायचंय. दोनच मिनिटं."

भावजींनी शांतपणे हात लांब केला, घड्याळ आपल्याकडे फिरवलं आणि खिट्टी दाबली.

पुतणी आधी घड्याळाकडे, मग माझ्याकडे बघू लागली. वर्षभर ती फोनवर तेच तेच बोलली होती. हवा, डॉक्टर, धंद्याचं भवितव्य, तिच्या घरातली रिकामी खोली, शेजाऱ्यांचे वडील कसे मुलाकडे जाऊन सुखी झाले. ते सगळं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. घड्याळ टकटकत होतं. तिने ते सगळं गिळलं.

"तो जिना," ती म्हणाली. "तुम्ही त्या जिन्यावरून पडलात तर मला कळणार नाही. कुणालाच कळणार नाही. काकू साडेदहाला येणार. तोवर तुम्ही तिथे पडून राहाल. मला रोज रात्री तेच दिसतं, बाबा. दुकानाचं मला काही नाही."

एवढंच. पंचवीस सेकंदसुद्धा झाले नसतील. भावजींना ही गोष्ट वर्षभरात कोणी सांगितली नव्हती. ती सगळ्या फोनांच्या सातव्या मिनिटाला असायची आणि त्याआधीच ते चिडून फोन ठेवत.

त्यांनी मागे वळून जिन्याकडे बघितलं. यंत्र चालत होतं. मग म्हणाले, "मी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी खाली येऊन दार उघडतो. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"दार उघडलं की तुला फोन करीन. रोज. नऊ पाचला. सुट्टीच्या दिवशीही. नऊ सहापर्यंत नाही आला तर तू वहिनींना कर, त्या रस्त्यापलीकडेच आहेत, किल्ली त्यांच्याकडे आहे."

"आणि जिन्याला कठडा."

"कठडा लावून घेतो."

"दोन्ही बाजूंनी."

"एका बाजूला भिंत आहे गं."

"भिंतीलाही लावतात."

यानंतर कोणाला काही सांगायचं राहिलं नव्हतं, पण घंटा वाजायची होती. तिघंही बसून राहिलो. पुतणीने पर्समधून रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला. घंटा वाजली. बाहेर मिनिटवालीने सवयीने एका बाईंचे आभार मानले आणि त्यांना सोडून दिलं, त्यांचं अर्धंच ऐकून झालं होतं.

या गोष्टीला आता पावणेदोन वर्षं झाली. पिवळ्या जाकिटांची परवानगी संपली तशी ती दुसऱ्या भागात गेली. मिनिटवाली जाताना ते घड्याळ मागायला आली आणि भावजींनी ते दिलं, दर सहा महिन्यांनी तेल घालायला आणण्याच्या अटीवर. तिने तीनदा आणलं आहे. बत्तीस नंबरच्या आकड्यावर आत्ता ते लटकलेलं आहे, चिठ्ठी माझ्याच अक्षरात.

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे. नऊ पाचचा फोन एकदाच चुकला, मागच्या महिन्यात. नऊ सहाला माझा फोन खणखणला, पुतणीचा, आणि मी पायात चपला न घालता रस्ता ओलांडला. भावजी आतल्या बाजूला, जाळीच्या दारामागेच उभे होते, कुलपाशी झटत. किल्ली अडकली होती. मला बघून ते वैतागले, माझ्यावर नाही, कुलपावर.

"सांगा तिला," ते म्हणाले, "नऊ वाजून सात मिनिटं झालीत आणि मी धडधाकट आहे."

मी घड्याळात बघितलं. नऊ वाजून सातच झाली होती.